गाढव हसते तेव्हा...

होळी पेटली की पाथर्डी तालुक्यातील मढी गावाकडे भाविकांच्या वाटा वळू लागतात. नवनाथांपैकी एक असलेल्या कानिफनाथांची समाधी येथील टेकडीवर आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणारी ही यात्रा भटक्या समाजांची पंढरी म्हणून ओळखली जाते. तिचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे येथे भरणारा गाढवांचा बाजार. खरेदीदार जनावराचा जबडा उघडून दात पाहतो, दातांवरून वयाचा अंदाज बांधतो, पाय तपासतो आणि मग सौद्याला सुरुवात होते. गाढवांच्या अशा बाजारात पाहुण्यांची करमणूक करणारे एक दृश्य अधूनमधून दिसते. एखादे गाढव जमिनीचा वास घेते, मान उंच करते, वरचा ओठ थेट नाकाकडे मुरडते आणि पिवळे दात दाखवत क्षणभर तसेच उभे राहते. 'गाढव हसतंय!' असे कुणीतरी म्हणते आणि सारे हसू लागतात.

गाढव खरोखर हसत असते का? आणि ते नसेल, तर दुसरा एखादा प्राणी हसतो का? प्राण्यांना विनोदबुद्धी असते का, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. मात्र गेल्या दीडशे वर्षांत चार्ल्स डार्विनपासून आजच्या मेंदूशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी तो गांभीर्याने हाताळला आहे. त्यातून हाती आलेले उत्तर दुहेरी आहे. ज्याला माणूस प्राण्यांचे हसू समजतो ते बहुतेक वेळा हसू नसते. जे खरोखर हसण्याच्या जवळचे असते, ते मात्र माणसाच्या कानाला आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही. या चुकीची किंमत अनेकदा त्या मुक्या जनावराला मोजावी लागते.

थट्टेचा धनी

मराठी माणसाच्या विनोदात प्राण्यांना मानाचे पान आहे, पण ते थट्टेचा विषय म्हणून. त्यातही गाढवाच्या वाट्याला आलेली थट्टा अधिक बोचरी आहे. 'गाढवाला गुळाची चव काय', 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता', 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' अशा म्हणींनी त्याला मूर्खपणाचे प्रतीक करून टाकले. पंचतंत्रातील गाढव वाघाचे कातडे पांघरून शेत खाते आणि तोंड उघडताच फसते. एकेकाळी गुन्हेगाराची धिंड काढायची तर ती गाढवावरूनच. शेजारच्या बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढण्याची प्रथा कित्येक दशके चालत आली आहे. या सर्व प्रसंगांत हसतो तो माणूस. गाढवाकडे फक्त ओझे वाहण्याचे काम असते.

वस्तुतः गाढवाची मूर्ख आणि हटवादी ही ख्याती गैरसमजातून आलेली आहे. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरले की बहुधा जागीच थांबते आणि परिस्थितीचा अंदाज घेते. हाकणाऱ्याला तो हट्ट वाटतो. वेदना झाल्या तरी गाढव त्या सहसा फारशा दाखवत नाही, त्यामुळे ते आजारी असल्याचे मालकाच्या उशिरा लक्षात येते. ज्या प्राण्याचे दुखणेही आपल्याला नीट वाचता येत नाही, त्याच्या चेहऱ्यावरील हसू आपण अचूक ओळखतो असा दावा करणे धाडसाचेच ठरेल.

ओठ मुरडण्याचे रहस्य

बाजारातील 'हसऱ्या' गाढवाचे कोडे शास्त्राने केव्हाच सोडवले आहे. या क्रियेला 'फ्लेमेन' असे जर्मन नाव आहे. घोडा, गाढव, बैल, रेडा, बोकड, इतकेच नव्हे तर मांजरातही ती आढळते. या प्राण्यांच्या तोंडात, वरच्या टाळूपाशी, गंध ओळखणारे एक स्वतंत्र इंद्रिय असते. लुडविग जेकबसन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'जेकबसनचे इंद्रिय' म्हणतात. वरचा ओठ मुरडून आणि मान उंचावून प्राणी गंधाचे कण या इंद्रियापर्यंत पोहोचवतो. मादी माजावर आली आहे की नाही, हे तिच्या मूत्राच्या वासावरून ताडण्यासाठी नर ही क्रिया विशेषकरून करतो. अनोळखी, उग्र वासानेही ती घडते. वळू पाळणाऱ्या शेतकऱ्याला हे दृश्य परिचयाचे असते आणि त्यात त्याला काही विनोदी दिसत नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला मात्र ते हसू वाटते.

तरसाच्या बाबतीत असाच घोटाळा झाला आहे. नगर, पुणे, सोलापूरच्या माळरानांवर आढळणारे तरस हे पट्टेरी तरस. 'हसणारे तरस' म्हणून जगभर प्रसिद्ध असलेला प्राणी म्हणजे त्याचा आफ्रिकेतील भाऊबंद, ठिपकेदार तरस. पट्टेरी तरस त्या मानाने अबोल असते. ठिपकेदार तरसाचे ते खिदळणेही आनंदाचे नसते. शिकारीवरून हुसकावले गेल्यावर किंवा वरचढ तरसासमोर कोंडी झाल्यावर ते असा आवाज काढते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आवाजातून तरसाचे वय आणि कळपातील स्थान यांची माहिती मिळत असल्याचे दिसून आले. म्हणजे जे माणसाला हास्य वाटते, ती प्रत्यक्षात एका वैतागलेल्या जनावराची ओळख असते.

माकडांच्या बाबतीत ही चूक थेट अंगाशी येते. महाबळेश्वर, माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या हातातील खाऊवर टपलेली माकडे नेहमीची झाली आहेत. माकडाने ओठ मागे खेचून दात दाखवले की 'बघ, कसं हसतंय' म्हणून मुले पुढे सरसावतात. डच शास्त्रज्ञ यान फान हूफ यांनी 1972 मध्ये दाखवून दिले, की माकडांचे आवाज न करता दात दाखवणे हे मुळात भीतीचे किंवा नमते घेण्याचे लक्षण आहे. खेळाच्या आनंदाची मुद्रा निराळी असते. तीत तोंड सैल आणि उघडे असते, पण वरचे दात बहुधा झाकलेले राहतात. मोरोक्कोतील माकडांच्या मुद्रांविषयी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की अनुभव नसलेली माणसे माकडाची धमकीची मुद्राही अनेकदा मैत्रीची समजतात. चाव्यांच्या घटनांमागे हे एक कारण असू शकते.

या गैरसमजाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अवकाशयुगातील आहे. 31 जानेवारी 1961 रोजी अमेरिकेने 'हॅम' नावाच्या चिंपांझीला अवकाशात पाठवले. तो सुखरूप परतल्यानंतरचे त्याचे छायाचित्र जगभर गाजले. तो आनंदाने हसतो आहे, असे लोकांना वाटले. चिंपांझींच्या ज्येष्ठ अभ्यासक जेन गुडॉल यांना मात्र त्याच मुद्रेत पराकोटीची भीती दिसली.

नंदीबैल आणि बर्लिनचा घोडा

चेहरा फसवतो तसेच वागणेही फसवते. मढीच्या यात्रेला येणाऱ्या भटक्या समाजांत नंदीवाले आणि तिरमली यांचा समावेश होतो. सजवलेला नंदी दारात उभा करून 'यंदा पाऊस पडेल का?' असे विचारायचे आणि ढोलाच्या 'गुबुगुबु' आवाजावर नंदीने मान डोलवायची, हा खेळ महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांनी पाहिला आहे. 'सासूबाई चांगल्या आहेत का?' या प्रश्नावर नंदीने नकारार्थी मान हलवली की अंगणात हशा पिकतो. नंदीला त्या प्रश्नातील खोच कळलेली नसते. विनोद त्याच्या मालकाचा असतो. नंदी केवळ त्याच्या हाताच्या, दोरीच्या आणि आवाजाच्या खुणा ओळखत असतो. त्याचे कौतुक व्हायला हवे ते या बारीक लक्षाबद्दल.

हीच गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये मोठ्या प्रमाणावर घडली होती. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा 'हुशार हान्स' नावाचा घोडा खूर आपटून बेरीज-वजाबाकीची उत्तरे देत असे. 1904 मध्ये एका समितीने तपासणी केली, तेव्हा तिला कोणतीही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी पद्धतशीर प्रयोग केले आणि 1907 मध्ये उलगडा झाला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, तर घोडा चुकत असे. योग्य संख्या आली की प्रश्नकर्त्याच्या मानेची आणि चेहऱ्याची नकळत हालचाल होई आणि ती पाहून घोडा थांबे. तेव्हापासून प्राण्यांच्या बुद्धीविषयी कोणताही दावा करताना 'हुशार हान्स'ची आठवण ठेवली जाते.

या सावधगिरीमुळेच 'कोको' या गोरिला मादीविषयीचा वाद मिटलेला नाही. 1971 मध्ये जन्मलेल्या आणि 2018 मध्ये मृत्यू पावलेल्या कोकोला फ्रॅन्सिन पॅटरसन यांनी हातांच्या खुणांची भाषा शिकवली. तिने एकदा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि 'पाठलाग' अशी खूण केली, अशी हकीकत सांगितली जाते. पॅटरसन यांना त्यात विनोद दिसला. टीकाकारांचे म्हणणे असे, की कोकोच्या खुणांचा अर्थ लावणारी माणसे तिची जवळचीच होती आणि अर्थात त्यांची इच्छाही मिसळत असावी.

डार्विनने पाहिलेली हूल

मग प्राण्यांच्या विनोदबुद्धीची सारी चर्चा ही माणसाचीच कल्पना म्हणून सोडून द्यायची का? डार्विनचे तसे मत नव्हते. 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या वंशविषयक ग्रंथात त्याने कुत्र्याच्या एका खोडीची नोंद केली आहे. काठी फेकली की कुत्रा ती उचलून थोड्या अंतरावर नेतो आणि समोर ठेवून बसतो. मालक अगदी जवळ येईपर्यंत तो वाट पाहतो. हात पुढे होताच काठी तोंडात धरून तो पळ काढतो आणि पुन्हा तोच प्रकार करतो. डार्विनच्या मते हा निव्वळ खेळ नसून थट्टेचा आनंद होता. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, 'हूल देणे'. कुत्रा पाळणाऱ्या कोणत्याही घरात हा अनुभव येतो, फक्त काठीच्या जागी चप्पल असते.

कुत्रा खेळण्याआधी तशी सूचनाही देतो. पुढचे पाय जमिनीवर टेकवून तो मागचा भाग उंच ठेवतो. 'यापुढे चावा घेतला तरी तो खोटा समज', असा त्या मुद्रेचा अर्थ असल्याचे मार्क बेकॉफ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. ग्रेगरी बेटसन यांनी 1950 च्या दशकात हाच मुद्दा मांडला होता. खेळातला चावा चाव्यासारखा दिसतो, पण त्याचा अर्थ चावा नसतो, हे दोन्ही प्राण्यांना ठाऊक असावे लागते. विनोदाचे मूळही येथेच आहे. मित्राला 'गाढवा' म्हटले तर तो हसतो, कारण शब्द शिवीचा असला तरी हेतू तसा नाही हे त्याला कळते. खोट्याला खोटे म्हणून ओळखण्याची ही क्षमता विनोदाची पहिली पायरी मानली जाते.

न ऐकू येणारे खिदळणे

हास्याच्या शोधात सर्वांत अनपेक्षित साक्षीदार ठरला तो उंदीरवर्गातील प्राणी. अमेरिकेतील ओहायो राज्यात मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकात प्रयोगशाळेतील उंदरांच्या खेळाचा अभ्यास करीत होते. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचेच आवाज ऐकू येतात. वटवाघळांचे आवाज टिपणारे उपकरण लावल्यावर असे दिसले, की झोंबाझोंबी करताना हे उंदीर सुमारे 50 किलोहर्ट्झचे बारीक चीत्कार काढतात. त्यांना हाताने गुदगुल्या केल्या तेव्हा ते चीत्कार आणखी वाढले. गुदगुल्या थांबताच उंदीर हाताच्या मागे धावू लागले. हे हास्याचे आदिम रूप असावे, असे मत पँकसेप यांनी मांडले. सुरुवातीला त्याची थट्टा झाली, पण पुढच्या काळात पुरावे वाढत गेले.

2016 मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातील शिंपेई इशियामा आणि मिखाएल ब्रेख्ट यांनी गुदगुल्यांच्या वेळी उंदराच्या मेंदूत काय घडते, याची नोंद घेतली. त्याच विद्यापीठातील चमूने 2019 मध्ये उंदरांना माणसांबरोबर लपंडाव खेळायला शिकवले. उंदीर शोधण्याची आणि लपण्याची अशा दोन्ही भूमिका वठवत. सापडल्यानंतर ते पुन्हा पळून लपत आणि खेळ लांबवत. बक्षीस म्हणून त्यांना खाऊ मिळत नव्हता, फक्त गुदगुल्या आणि खेळणे मिळत होते.

2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील साशा विंकलर आणि ग्रेगरी ब्रायंट यांनी आधीच्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन किमान 65 प्राणिजाती खेळताना विशिष्ट आवाज काढतात, अशी नोंद केली. या यादीत वानरकुळ आहेच, शिवाय कोल्हे, सील आणि मुंगूस आहेत. कुत्रा आणि गाय हे घरचे प्राणीही आहेत. न्यूझीलंडमधील 'किआ' या पोपटाच्या खेळातील आवाजाचे ध्वनिमुद्रण 2017 मध्ये इतर किआंना ऐकवण्यात आले. ते ऐकताच आजूबाजूचे पक्षी आपसात किंवा एकटेच खेळू लागले. माणसांतही हसू असेच पसरते.

थट्टेची उत्क्रांती

माणसाच्या जवळच्या नातलगांत चित्र अधिक स्पष्ट होते. मरिना डेव्हिला रॉस आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि मानवी बाळे यांना गुदगुल्या केल्यावर येणाऱ्या आवाजांची तुलना केली. आवाजातील साम्य-भेदांचा जो वृक्ष तयार झाला, तो या प्रजातींच्या ज्ञात वंशवृक्षाशी जुळला. म्हणजे हसण्याचा वारसा किमान एक कोटी वर्षांहून जुना असावा.

हसणे आणि थट्टा करणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळच्या भारतीय असलेल्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी लहान बाळांच्या अभ्यासातून दाखवले, की बोलू लागण्याआधीच, साधारण आठ-नऊ महिन्यांची असताना, बाळे मोठ्यांची थट्टा करतात. हातातील वस्तू देण्यासाठी पुढे करायची आणि समोरच्याने हात लांबवताच ती मागे घ्यायची, हा त्यातला नेहमीचा प्रकार. घरातील आजी-आजोबांना त्यासाठी वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

इझाबेल लाउमर आणि सहकाऱ्यांनी हेच वागणे महावानरांत शोधले. प्राणिसंग्रहालयांतील चार प्रजातींच्या सुमारे 75 तासांच्या चित्रफिती त्यांनी तपासल्या. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थट्टेचे 18 प्रकार नोंदवले गेले. पाठीमागून येऊन टोचायचे, केस ओढायचे, दोरी समोर हलवत राहायचे, वस्तू पुढे करून मागे घ्यायची, असे ते प्रकार होते. खोडी काढणारा लगेच समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो आणि प्रतिसाद मिळाला नाही तर खोडी वाढवतो. समोरचा काय करील याची अपेक्षा बांधून ती मुद्दाम हुकवणे हा विनोदाचा गाभा आहे. त्यामुळे थट्टेची ही क्षमता सुमारे 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजातही असावी, असे संशोधक म्हणतात. त्यांची आणखी एक नोंद तितकीच महत्त्वाची आहे. ही थट्टा प्रामुख्याने प्राणी निवांत असतानाच दिसली.

प्रत्येक उडी आनंदाची नसते

नगर जिल्ह्यातील निसर्गप्रेमींना या नोंदीचा अर्थ रेहेकुरीत पडताळता येईल. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य 1980 मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर आहे. काळविटांचा कळप धावू लागला, की चारही पाय उचलून हवेत उंच झेपावणारी हरणे पाहून 'किती मजेत बागडताहेत' असे उद्गार निघतात. परंतु मोठ्या हरणांच्या अशा उड्या पुष्कळदा धोक्याच्या वेळी दिसतात. आफ्रिकेतील हरणांच्या 1988 मधील अभ्यासात असे दिसले, की रानकुत्री कमी उड्या मारणाऱ्या हरणाची शिकारीसाठी निवड करतात. 'मी धडधाकट आहे, माझ्या मागे लागू नकोस', असा त्या उडीचा संदेश असतो. वाहनातून उतरून कळपाच्या मागे धावणाऱ्या पर्यटकाला तोच संदेश मिळत असण्याची शक्यता अधिक.

पाडसांचे बागडणे वेगळे. आसपास धोका नसताना, पोट भरलेले असताना, निमित्तावाचून धावणे, गिरकी घेणे आणि लुटुपुटीची टक्कर देणे हा खरा खेळ. गायीच्या वासरांत, शेळीच्या करडांत आणि गाढवाच्या शिंगरांतही तो दिसतो. तरुण गाढवे एकमेकांच्या मानेला आणि पायांना लुटुपुटीचे चावे घेतात, दोरी किंवा पोते तोंडात धरून ओढाताण करतात. गाढवाच्या मनातील मौज पाहायची असेल, तर ती मुरडलेल्या ओठात नव्हे, या ओढाताणीत पाहायला हवी.

मग विनोदबुद्धी आहे का?

उत्तर 'विनोद' कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. शब्दांवरची कोटी, विडंबन, उपहास, स्वतःवरच हसणे यांना भाषा लागते. ते माणसाखेरीज अन्य प्राण्यात असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. त्याखालच्या पायऱ्या मात्र माणसाच्या एकट्याच्या नाहीत. खेळाचा आनंद अनेक सस्तन प्राण्यांत आणि काही पक्ष्यांत आहे. खेळातील खोटेपणा ओळखणे कुत्र्यालाही जमते. समोरच्याची अपेक्षा जाणून ती गमतीने हुकवणे महावानरांत दिसते, आणि डार्विनचे निरीक्षण खरे मानले तर कदाचित कुत्र्यातही. म्हणजे विनोदाचा पाया सामाईक आहे. वरचे मजले माणसाने चढवले.

निर्भयतेची खूण

या साऱ्या संशोधनात एक धागा सतत सापडतो. भीती आली की खेळ थांबतो. पँकसेप यांनी खेळकर उंदरांच्या पिंजऱ्यात मांजराचे थोडेसे केस ठेवले. उंदरांचा खेळ तत्क्षणी थांबला आणि केस काढून टाकल्यानंतरही काही दिवस पूर्ववत झाला नाही. बर्लिनच्या प्रयोगात उंदराला उंच फळीवर उजेडात ठेवून अस्वस्थ केले, तेव्हा गुदगुल्यांवरचा प्रतिसाद मावळला. उलट, गुदगुल्यांनी चीत्कारणारे उंदीर संदिग्ध परिस्थितीत अधिक आशावादी निर्णय घेतात, असे 2012 च्या एका अभ्यासात दिसले. त्यामुळे प्राणिकल्याणाच्या क्षेत्रात खेळाकडे सुस्थितीचे एक लक्षण म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. जनावर उपाशी, जखमी किंवा भेदरलेले नाही, हे त्याच्या खेळण्यातून कळते.

माणसाच्या करमणुकीसाठी दात दाखवणाऱ्या प्राण्यांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. गल्लीबोळांत माकडाला सलाम करायला लावणारे आणि अस्वल नाचवणारे खेळ एकेकाळी सर्वत्र होते. केंद्र सरकारने 1998 मध्ये अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या माकडाच्या ज्या दातांवर मुले टाळ्या वाजवत, ते दात बहुधा भीतीचे होते.

गाढवाला मात्र अशा कोणत्याही यादीत स्थान नाही, कारण तो खेळाचा नव्हे, कष्टाचा प्राणी आहे. त्याच्यासाठी नियम आहेत ते ओझ्याचे. 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर 50 किलोपेक्षा अधिक भार लादता येत नाही. पारा 37 अंशांच्या वर असताना दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावरांना कामाला जुंपण्यासही मनाई आहे. वीटभट्टीवर किंवा वाळू-मातीच्या वाहतुकीत हा नियम किती पाळला जातो, हे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही पाहता येते. दरम्यान, गाढवांची संख्याच झपाट्याने घटते आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 3 लाख 20 हजार गाढवे होती. 2019 च्या गणनेत ती सुमारे 1 लाख 20 हजारांवर आली. सात वर्षांत 61 टक्क्यांची ही घट आहे. यंत्रे आली, वाहने आली आणि गाढवाची गरज सरली. ज्यांचा चरितार्थ अजूनही त्याच्यावर चालतो, त्या भटक्या कुटुंबांसाठी मढीचा बाजार आजही महत्त्वाचा आहे.

2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. मढीची वाट मात्र तीच आहे आणि दर होळीला तेथे गाढवे येतच राहतात. यात्रेला जाणाऱ्याने तेथे ओठ मुरडलेले गाढव पाहून खुशाल हसावे. ते हसू त्याचे स्वतःचे आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले. त्यानंतर थोडे थांबून बाजाराच्या कडेला नजर टाकावी. ओझे उतरवलेली, पाण्यावर नेलेली दोन तरुण गाढवे तेथे एखाद्या फाटक्या पोत्याची ओढाताण करताना दिसली, तर त्यांच्या मालकाने जनावरे बरी राखली आहेत, असे समजायला हरकत नाही.